पाइपात मुरलेली चव: कडक मिश्रणं ओढू लागलेल्यांसाठी

माझे मामा देवळाली कॅम्पला राहायचे. ते गेल्यावर मामींनी त्यांचा एक पाइप मला दिला. आठ-दहा वर्षं तो कपाटात पडून होता. वाटीत नाक घातलं की चुलीच्या वर टांगलेल्या घोंगडीसारखा वास यायचा. मी त्यात साधी, गोडसर व्हर्जिनिया तंबाखू भरली आणि पेटवली, तर तोंडात व्हर्जिनिया आलीच नाही. आधी धूर, मग कातडं, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी बसणारा कडवटपणा. मला वाटलं तंबाखूच खराब निघाली. अख्खा डबा मी एका मित्राला देऊन टाकला. त्याने तो महिनाभर मजेत ओढला. तंबाखू उत्तम होती, बोलत होता तो मामांचा जुना लताकिया, म्हणजे धुरी देऊन काळी केलेली उग्र वासाची तंबाखू.

पाइप ओढणारे लोक याला पाइपातलं भूत म्हणतात. हिंगाचा डबा रिकामा करून, घासून, उन्हात ठेवून त्यात साखर भरली तरी चहात हिंग लागतोच, तसला हा प्रकार. हे भूत का बसतं, बसू नये म्हणून काय करायचं आणि बसलंच तर कसं उतरवायचं, ते मी माझ्या नाशिकच्या गच्चीत शिकलो त्या क्रमाने लिहितो.

त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तंबाखू कुठल्याही रूपात घातक आहे. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं, सवय लागते, आणि तोंडाच्या, घशाच्या, फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका पाइपवाल्यालाही आहे. तुम्ही ओढत नसाल तर हे वाचून सुरू करू नका. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं गुन्हा आहे, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला देशभर बंदी आहे. म्हणजे गोदाघाट नाही, हॉटेल नाही, कॉलेज रोडवरचा कॅफेही नाही. स्वतःची गच्ची, आणि आसपास लहान मूल नसताना.

चव मुरते कुठे

आधी पाइपचे तीन भाग नीट ओळखून घ्या. तंबाखू भरतो ती लाकडी वाटी. वाटीला जोडून आलेली लाकडी दांडी. आणि दांडीत खुंटीने बसणारी, दातात धरायची काळी नळी.

लाकूड बहुतेक वेळा ब्रायर असतं. भूमध्य समुद्राच्या काठावर एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं, त्याच्या मुळाशी धरणारी ही गाठ. ती कित्येक तास उकळून तिच्यातला रस काढतात, मग महिनोन् महिने सुकवतात. म्हणून ती सहजासहजी जळत नाही, आणि ओल थोडी शोषून घेते. ब्रायर चांगला समजला जातो तो यासाठीच, आणि चव धरून ठेवतो तोही यासाठीच.

ओढत गेलं की वाटीच्या आतल्या भिंतीवर कोळशाचा थर बसतो. त्याला केक म्हणतात. हा थर हवा असतो, कारण तो लाकडाला विस्तवापासून वाचवतो. पण कोळसा वास धरतो हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. फ्रिजमधला वास घालवायला कोळशाचा तुकडा ठेवतो, ते उगीच नाही. वाटीतला थरही तेच करतो, आणि पुढच्या वेळी गरम झाला की धरलेलं थोडं थोडं सोडत राहतो.

नव्या माणसाचा सगळा संशय वाटीवर जातो. माझाही गेला होता. आता माझं ठाम मत आहे की भुताचा मोठा वाटा दांडीत असतो. वाटीतून निघालेला गरम धूर दांडीत येऊन थंड होतो, त्यातली वाफ तिथेच पाणी होते आणि डांबरासारखा चिकट अंश घेऊन भिंतीला बसते. स्वयंपाकघरातल्या चिमणीचं जसं असतं, शेगडी रोज पुसली जाते आणि तेल साठतं ते वरच्या नळकांड्यात. पुढचा प्रत्येक झुरका त्या साठ्यावरून येतो. वाटी कितीही घासा, दांडी तशीच ठेवलीत तर व्हर्जिनियाला व्हर्जिनियाची चव येणार नाही.

कोणत्या तंबाखूची चव रेंगाळते

इथे ‘कडक’ या शब्दाची फोड करावी लागेल, कारण त्यावरून नवखे हमखास फसतात. एक कडकपणा निकोटीनचा: डोकं गरगरतं, घाम फुटतो, पोटात ढवळतं. दुसरा चवीचा आणि वासाचा. हे दोन्ही एकत्र येतीलच असं नाही. लताकियाचा वास तीन खोल्या भरून टाकतो, पण त्यात निकोटीन त्या मानाने बेताचं. उलट दोरासारखी पिळलेली काळी तंबाखू वासाला गप्प असते आणि दहा मिनिटांत माणसाला खाली बसवते. पाइपात मुरतो तो दुसऱ्या जातीचा कडकपणा.

यातला सगळ्यात चिवट लताकिया. सिरियातल्या लताकिया बंदरावरून त्याचं नाव पडलं, सायप्रसमध्येही तो होतो. पानं सुकल्यावर त्यांना सुगंधी लाकडांचा आणि झुडपांचा धूर देतात, पार काळी होईपर्यंत. आपण मडक्याला निखाऱ्याची धुरी देऊन त्यात ताक ओततो, तेव्हा ताकात येणारी धुराची चव आठवा. तीच शंभर पटीने दाट केली की लताकिया. मडक्याला लागलेली धुरी पुढचे दोन दिवस जात नाही, मग ब्रायरची काय कथा.

डार्क फायर्ड केंटकी हीसुद्धा धूर दिलेली तंबाखू, तिचा वास भाजलेल्या लाकडाकडे झुकतो. पेरिक ही तंबाखू येते अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यातून. ती पिंपात दाबून वर्षभर आंबवतात, त्यामुळे तिला मिरीचा झणका आणि मुरलेल्या फळाचा आंबूस वास असतो. ती मिश्रणात चिमूटभरच पडते, म्हणून एकटी फारशी मुरत नाही.

दुसरं मोठं भूत अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटतं, सुगंधी तंबाखूत. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टला लागून असलेल्या केंडाल गावातल्या सॅम्युएल गॅविथ या तंबाखू-तपकिरीच्या धंद्याची मुळं १७९२ पर्यंत जातात. त्या भागातल्या काही तंबाखूंना फुलांच्या आणि बियांच्या अर्कांचा वास देतात, गुलाब, जिरॅनियम, टोंका नावाचं सुगंधी बी. एकदा ओढलं की पाइपला साबणासारखा वास येतो आणि तो लताकियापेक्षा हट्टी निघू शकतो. व्हॅनिला-चेरीवाल्या गोड तंबाखूंचं दुखणं वेगळं. त्या ओलसर ठेवण्यासाठी त्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. त्या लवकर कोरड्या होत नाहीत, वाफ जास्त सोडतात, आणि दांडी चिकट करून ठेवतात.

साधी व्हर्जिनिया आणि साधी बर्ली या तंबाखू मागे फार काही ठेवत नाहीत. पुढे त्या आपल्या कामाला येणार आहेत.

पहिली पायरी: कडक मिश्रणाला वेगळा पाइप

नव्याने पाइप घेतलेल्या माणसाजवळ एकच पाइप असतो, तोही हौसेने घेतलेला, त्यातल्या त्यात महाग. त्यात पहिल्याच आठवड्यात लताकिया भरू नका. तुम्हाला तो आवडतो की नाही हेही अजून कळलेलं नसतं.

कडक मिश्रणाची ओळख करून घ्यायला मक्याच्या कणसाचा पाइप घ्या. अमेरिकेत मिझूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून हे पाइप बनतात. ब्रायरच्या मानाने स्वस्त, हलके, आणि पहिल्या दिवसापासून चांगले ओढले जातात. त्यांत भूत बसलं तर बसू द्या. माझ्याकडे तीन आहेत: एकात लताकिया, एकात फुलांच्या वासाच्या तंबाखू, एकात बाकी सगळं. तळाला मार्करने ल, फ, ब लिहून ठेवलंय. पुढे एखादं मिश्रण कायमचं आवडीचं झालं की त्याच्यासाठी ब्रायर राखून ठेवा. तेव्हा तीच मुरलेली चव पाइपची श्रीमंती होते. लताकियाच्या पाइपात लताकिया दिवसेंदिवस जास्त गोल, जास्त खोल लागत जातो.

दुसरी पायरी: तंबाखू कोरडी करा

माझ्या अनुभवात भुताला सगळ्यात जास्त खायला घालते ती ओल. ओली तंबाखू पेटत नाही, म्हणून आपण जोरात ओढतो. जोरात ओढलं की वाटी तापते, वाफ वाढते, ती वाफ दांडीत पाणी होऊन बसते आणि झुरक्याला गुळगुळ आवाज येऊ लागतो. तो आवाज आला म्हणजे चव मुरायला सुरुवात झाली असं समजा.

नाशिकची हवा इथे ऋतूप्रमाणे तुमच्याशी खेळते. जुलै-ऑगस्टमध्ये, इगतपुरीकडून ढग उतरलेले असतात तेव्हा, ताटलीत पसरलेली तंबाखू संध्याकाळपर्यंत तशीच दमट राहते. मी ती कागदावर पातळ पसरतो आणि टेबलावरच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली अर्धा-पाऊण तास ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, हवा इतकी कोरडी असते की तीच तंबाखू वीस मिनिटांत कुरकुरीत होते. तेव्हा लक्ष ठेवून बसावं लागतं. पार सुकलेली तंबाखू भराभर जळते आणि जीभ पोळते.

वेळ घड्याळात बघू नका, बोटांनी बघा. चिमूट दाबून सोडली की तंबाखू हळूहळू फुलून मोकळी झाली पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ओली आहे, चुरा झाला तर तुम्ही उशीर केलात.

तिसरी पायरी: ओढताना आणि ओढून झाल्यावर

सावकाश ओढा. कपातला कढत चहा फुंकून घोट घेतो, तितकाच दम. वाटी हातात धरवत नाही इतकी तापली तर खाली ठेवा, विझू द्या, पुन्हा पेटवा. पुन्हा पेटवण्यात कमीपणा नाही. मधे गुळगुळ वाजलं तर एक पाइप क्लीनर, म्हणजे सुती धागा गुंडाळलेली लवचिक तार, नळीतून दांडीपर्यंत सरकवा, ओल टिपा आणि काढा.

ओढून झाल्यावर राख पाडा, पण नळी ओढून काढू नका. गरम लाकूड फुगलेलं असतं, खुंटी अडकते आणि मोडते. पाइप पूर्ण थंड झाल्यावर नळी फिरवत सोडवा. एक कोरडा क्लीनर नळीतून, एक दांडीतून. वाटी कागदी रुमालाने आतून पुसा. मग पाइपला निदान एक दिवस विश्रांती, वाटीचं तोंड खाली ठेवून. पावसाळ्यात मी दोन दिवस देतो.

क्लीनरबद्दल थोडं विषयांतर, कारण इथे माझे पैसे फुकट गेले होते. मुलांच्या हस्तकलेसाठी स्टेशनरीच्या दुकानात रंगीत, केसाळ तारा मिळतात, त्यांनाही पाइप क्लीनरच म्हणतात. त्या कृत्रिम धाग्याच्या असतात. पाणी शोषत नाहीत, वर त्यांचे केस आत सुटतात. खरे क्लीनर सुती असतात. ते मिळेपर्यंत मी देवघरातली लांब वात वापरली. पातळ तांब्याची तार दुमडून तिच्या टोकाच्या फाशात वात अडकवायची आणि दुसऱ्या बाजूने ओढून घ्यायची. काम संथ होतं, पण कापूस खरा असल्यामुळे मळ चांगला टिपला जातो.

चौथी पायरी: बसलेलं भूत उतरवणं

मामांच्या पाइपवर मी हे सगळं केलं, कित्येक आठवडे लावून. घाई असेल तर सुरूच करू नका.

आधी थर कमी करायचा. थर साधारण एक मिलिमीटर ठेवला की पुरे. त्याहून जाड झाला तर एक तर तो वास धरतो, दुसरं म्हणजे तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या गतीने फुगतो आणि वाटीला तडा जाऊ शकतो. मामांच्या पाइपात थर इतका चढला होता की करंगळीसुद्धा आत जात नव्हती. पाइपचं रीमर, म्हणजे थर खरवडायचं हत्यार, असेल तर उत्तम. नसेल तर बोटाएवढ्या जाड गोल काठीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळा आणि वाटीत हलक्या हाताने फिरवा. टोकदार चाकू नको. तळाला, जिथे धुराचं भोक आहे तिथे, चाकूचं टोक लाकडात घुसतं आणि ती जखम पुढे जळत राहते. निघालेली काळी भुकटी कागदावर पाडा. माझ्या कागदावर चहाचा अर्धा चमचा भरेल एवढी पडली, आणि खोलीत मामा येऊन बसल्यासारखं वाटलं.

थर पातळ झाला की आता दांडी. यासाठी अल्कोहोल लागतं, कारण तो चिकट डांबरासारखा मळ साध्या पाण्यात विरघळत नाही. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मी घेतो. ते लवकर उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. ते प्यायचं नाही, विस्तवाजवळ न्यायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या. घरात व्होडका असेल तर तीही चालते, पण आपल्याकडच्या बाटलीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, उरलेलं बहुतेक पाणी. लाकूड ते पाणी पितं, म्हणून सुकायला कितीतरी जास्त दिवस द्यावे लागतात. रम नको, तिची गोडी लाकडात राहते. आणि रंगाच्या दुकानातलं स्पिरिट चुकूनही नको. त्यात मिथेनॉल असू शकतं, ते विष आहे, आणि हा पाइप उद्या तुमच्या तोंडात जाणार आहे.

नळी काढून बाजूला ठेवा. क्लीनर अल्कोहोलमध्ये बुडवून, जादाचं झटकून, दांडीत घालायचा आणि फिरवत बाहेर काढायचा. पहिला क्लीनर बाहेर आला तो काळा, डांबरी रस्त्यावरून फिरवल्यासारखा. दुसरा, तिसरा, चौथाही तसाच. सातव्याला तो कॉफीच्या रंगाचा झाला. मग कानात घालायच्या कापूसकाड्या घेतल्या, कारण दांडीत नळीची खुंटी बसते तो भाग रुंद असतो आणि क्लीनर तिथल्या भिंतीला टेकतच नाही. तिथून जे निघालं ते बघून मला कळलं की सगळी गोष्ट इथे होती. खुंटीच्या टोकाशी, जिथे लाकूड आणि नळी भेटतात त्या फटीत, मधासारखा घट्ट काळा राळ गोठला होता. लताकियाचा आख्खा संसार त्या फटीत. अठराव्या क्लीनरला कोऱ्या चहाचा रंग आला, एकविसाव्याला जवळजवळ पांढरा. त्या दिवशी तिथेच थांबलो. पाइप तीन दिवस खिडकीत ठेवला, उन्हात नव्हे, वाऱ्यावर.

चौथ्या दिवशी वाटीत नाक घातलं. घोंगडीचा वास निम्म्याहून कमी झाला होता, आणि वाटीच्या लाकडाला मी अजून हातही लावला नव्हता. म्हणून सांगतो, आधी दांडी साफ करा, सुकवा आणि एक वाटी ओढून बघा. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं आणि पुढचा उपद्व्याप करावा लागत नाही.

भागलं नाही, तर वाटी. पाइपवाल्यांत मिठाचा उपाय प्रसिद्ध आहे: वाटीत जाडं मीठ भरायचं, त्यावर थेंब थेंब अल्कोहोल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. मीठ तपकिरी होतं, वास ओढून घेतं. मी तो उपाय एका दुसऱ्या पाइपवर केला आणि दोन चुका केल्या. दांडीचं भोक बंद न केल्याने खारं अल्कोहोल दांडीत उतरलं, सुकताना तिथे मिठाचे खडे झाले आणि दांडीला केसासारखी चीर पडली. शिवाय वरून सांडलेल्या दोन थेंबांनी वाटीच्या बाहेरची चमक उतरवली. ती चमक बहुधा चपड्याची, म्हणजे लाखेच्या रोगणाची, होती आणि चपडा अल्कोहोलात विरघळतो. तेव्हापासून मी मीठ सोडून कापूस वापरतो.

कृती अशी. दांडीच्या भोकात एक क्लीनर वाटीच्या तळापर्यंत घालून ठेवा, म्हणजे वाट बंद होते. वाटीत साधा कापूस सैलसर भरा, काठाच्या थोडा वर येईल इतका. काठाला बाहेरून कागदी रुमाल गुंडाळा. ड्रॉपरने अल्कोहोल थेंब थेंब सोडा, कापूस पूर्ण ओला होईपर्यंत, पण काठावरून ओघळ येता कामा नये. पाइप वाटी वर करून, दांडी थोडी उचललेली राहील असा वाटाण्याच्या नाहीतर तांदळाच्या वाटीत टेकवून ठेवा. अल्कोहोल लाकडात शिरून मळ सुटा करतं, मग वरून उडत जाताना तो मळ कापसात ओढून आणतं. दिव्यात वात तेल वर चढवते, तीच चाल. सकाळी वरचा कापूस तपकिरी झालेला दिसेल. पूर्ण सुकला की काढा. तपकिरी गडद असेल तर आठवडाभराने पुन्हा करा. लागोपाठ दोन दिवस करू नका, लाकडालाही दम घेऊ द्या.

त्यानंतर निदान चार दिवस सुकणं, पावसाळ्यात आठ. अल्कोहोलचा जरासुद्धा वास येत असेल तर काडी पेटवायची नाही.

नळीसाठी मात्र अल्कोहोल आतूनच, क्लीनरने, आणि बेताने. जुन्या काळ्या नळ्या एबोनाइटच्या असतात, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उन्हाने त्या हिरवट-तपकिरी होतात आणि ओठाला गंधकाची कडू चव लागते. कित्येकदा आपण ज्याला तंबाखूचं भूत समजतो ती ही नळीची चव असते. ओठ लागतो तो भाग अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा आणि मग थेंबभर खाद्यतेल चोळून पुसा. गरम पाण्यात नळी टाकू नका, ती आणखी हिरवट होते.

सगळं झाल्यावर त्या पाइपात लागोपाठ तीन-चार वाट्या साधी बर्ली ओढा, अर्धी-अर्धी भरून, एक दिवसाआड. उरलासुरला वास ती आपल्याबरोबर घेऊन जाते, असा पुष्कळ जुन्या पाइपवाल्यांचा अनुभव आहे आणि माझाही.

मेरशॉमचा पाइप असेल, म्हणजे तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरकडच्या पांढऱ्या मऊ दगडाचा, तर यातलं काहीही करू नका. अल्कोहोल नाही, पाणी नाही, मीठ तर नाहीच. त्यात थर बसूच द्यायचा नसतो. प्रत्येक वेळी थंड झाल्यावर आतून कोरड्या कागदाने पुसायचं, बस. कणसाच्या पाइपवरही एवढी मेहनत करू नका. फारच वास धरला तर नवा घ्या.

तोंड, कपडे, डबे

लताकियानंतर लगेच हलकी व्हर्जिनिया ओढली तर ती पांचट लागेल, पाइप कितीही स्वच्छ असला तरी, कारण भूत आता तुमच्या जिभेवर आहे. दोन्ही ओढायचेच असतील तर हलकं आधी, कडक नंतर, आणि मधे काही तास जाऊ द्या. साधं पाणी, जीभ घासणं आणि अर्धा पेला ताक, याने तोंड बऱ्यापैकी जाग्यावर येतं. रिकाम्या पोटी कडक मिश्रण ओढू नका. चक्कर किंवा मळमळ वाटली की पाइप तिथल्या तिथे खाली ठेवा, बसा, पाणी प्या. वाटी संपवलीच पाहिजे असा कुठे नियम नाही.

घराच्या बाबतीत उपाय एकच, घरात ओढू नये. पडदे, गाद्या, लोकर धूर धरून ठेवतात आणि उदबत्तीने तो जात नाही, त्यावर फक्त दुसरा वास चढतो. मी गच्चीत जातो आणि एक जुना स्वेटर त्यासाठीच ठेवलाय, तो दाराबाहेर टांगलेला असतो.

लताकिया नेहमी वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवा. काच धुतली की वास जातो, झाकणातलं रबर मात्र वास सोडत नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण कोणी मुरांब्याला लावत नाही, तसंच हे. झाकणावर नाव लिहा आणि झाकणांची अदलाबदल होऊ देऊ नका.

साफ झाला हे ओळखायचं कसं

सकाळी, चहाच्या आधी, तोंड धुतल्यावर, पाइप न भरता, न पेटवता नुसता कोरडा झुरका घ्या. थंड पाइपातून येणारी हवा खरं सांगते. लाकडाचा सौम्य, जरा गोडसर वास आला तर काम झालं. धूर लागला तर दांडी पुन्हा बघा. साबण लागला तर कापसाची आणखी एक फेरी. आणि ओठाला कडू लागलं तर नळी.

मामांच्या पाइपवर ही चाचणी मी तीन वेळा केली. तिसऱ्या वेळीही धुराची एक अगदी पातळ रेघ आत होती. कापसाची चौथी फेरी करायला बसलो होतो, कापूस भरलाही होता, अल्कोहोल ओतायचं बाकी होतं. तो कापूस मी काढून टाकला. आता हा पाइप लताकियासाठी राखून ठेवलाय, आणि थंडीत एखाद्या रविवारी, मामी घरी आलेल्या असल्या की, ओढायला नाही, तर त्यांना नुसता हातात द्यायला बाहेर काढतो. मामी आधी वाटीत नाक घालतात.